वनस्पतीचा वेदनाशामक गुण तपासायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

माझ्या पहिल्या प्रयोगात अर्क दिलेले उंदीर गपगार बसले होते. वेदना व्हावी म्हणून ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर कंट्रोल गटातले, म्हणजे अर्क न दिलेले उंदीर पोट आखडत होते, मागचे पाय ताणत होते, आणि माझे अर्कवाले कोपऱ्यात अंगाचा गोळा करून निवांत. मोजणीचा कागद घेऊन मी थेट गाईडच्या टेबलाशी. त्यांनी आकड्यांवरून नजर फिरवली आणि एवढंच विचारलं, "चालत होते का ते?" ते मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच डोसवर नवे उंदीर फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर ठेवले, तर एकेक करून सगळे खाली. अर्क गुंगी आणत होता. त्यात वेदना कमी होत होत्या की नाही, हे माझ्या सुंदर आकड्यांवरून कळायला काहीच मार्ग नव्हता.

तेव्हापासून या कामाकडे मी एकाच नजरेने पाहते: उंदीर शांत बसला, तर तो आणखी कुठल्या कारणाने शांत बसला असेल? खालच्या बहुतेक पायऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात. लेख फार्मसी, जीवशास्त्र किंवा आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्यांसाठी आहे. मान्यताप्राप्त प्राणिगृह आणि अनुभवी मार्गदर्शक नसेल तर यातलं काही करू नका. आणि आपला अर्क स्वतःवर, घरच्यांवर करून बघायचा मोह होतो (हो, होतो), तो टाळा.

१. वनस्पती कोणती, हे आधी पक्कं करा

स्थानिक नावावर विसंबून गोळा केलेलं झाड हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना खड्डा. सांधेदुखीवरची 'रास्ना' घ्या. एकीकडे त्या नावाने प्लूकिया लॅन्सिओलाटा वापरतात, दुसरीकडे अल्पिनिया गलंगा म्हणजे कुलिंजनाच्या कुळातला कंद, तर आणखी कुठे झाडावर वाढणारं वांडा हे ऑर्किड. तिघांची कुळं वेगळी, रसायनं वेगळी. तुमच्या प्रबंधात नुसतं 'रास्ना' लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही असं समजा.

म्हणून फुलं-फळं असताना फांदी तोडा, दाबून वाळवा आणि हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) तज्ज्ञाकडून ओळखून घ्या. त्या नमुन्याला व्हाउचर क्रमांक मिळतो. तो क्रमांक, गोळा केल्याची तारीख, ठिकाण आणि वनस्पतीचा कुठला भाग घेतला, हे वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. शास्त्रीय नाव वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइनवर तपासा, कारण नावं बदलत राहतात आणि जुने लेख जुन्याच नावाखाली सापडतात. दोन्ही नावांनी शोधा.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. पूर्ण कामाला पुरेल एवढा माल एकाच वेळी गोळा करा. पावसाळ्यातली पानं आणि उन्हाळ्यातली पानं यांच्यातलं रसायनांचं प्रमाण सारखं नसतं. मधेच माल संपला की तुमचा अर्धा प्रयोग एका औषधावर आणि अर्धा दुसऱ्यावर झालेला असतो.

२. परंपरेत नेमकं काय करतात ते विचारा

'वेदनेवर वापरतात' एवढी माहिती पुरत नाही. कुठली वेदना? डोकेदुखी, दाढदुखी, पाळीतल्या कळा आणि सांध्याची सूज यांची कारणं वेगळी, आणि पुढे निवडायच्या टेस्टही वेगळ्या. पानं बांधतात की काढा पाजतात? ताजं की वाळलेलं? एकटं की इतर औषधांबरोबर?

निर्गुंडीची पानं शेकून सुजलेल्या सांध्यावर बांधायची पद्धत आहे. आता तुम्ही त्या पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढून उंदराच्या पोटात दिलात, तर तुम्ही एक चांगला प्रश्न विचारत असाल, पण तो परंपरेचा प्रश्न नाही. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. 'पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला' हे वाक्य मग लिहिता येत नाही. बरेच जण लिहितात.

उलट, परंपरेचा धागा नीट पकडला तर तो लांब जातो. विलो झाडाची साल दुखण्यावर आणि तापावर फार जुन्या काळापासून वापरात होती. १८२८ मध्ये तिच्यातून सॅलिसिन वेगळं झालं, आणि त्याच वाटेवर १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झालं. मात्र ॲस्पिरिन शरीरात नेमकं काय करतं, म्हणजे वेदना आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन बनणं कसं थांबवतं, हे कळायला १९७१ उजाडलं. तुमच्या दोन वर्षांच्या प्रोजेक्टकडून किती अपेक्षा ठेवायची याचा यावरून अंदाज घ्या.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

हे काम पहिल्या महिन्यात सुरू करा. प्राणी-नैतिकता समितीच्या बैठका रोज होत नाहीत, आणि एखादी त्रुटी निघाली की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. माझा अर्ज परत आला तो उंदरांची संख्या का निवडली याचं कारण न लिहिल्यामुळे. लागणारे कागद साधारण असे:

– प्राणी-नैतिकता समितीची लेखी मंजुरी: प्रजाती, संख्या, प्रत्येक टेस्ट, आणि प्रयोगानंतर प्राण्यांचं काय करणार हे सगळं त्यात येतं
– व्हाउचर क्रमांक आणि ओळख पटवल्याचं पत्र
– वनस्पती गोळा करण्याची परवानगी. स्थानिक लोकांकडून ज्ञान घेतलं असेल तर त्यांची संमती. जैवविविधतेतून मिळणाऱ्या फायद्याच्या वाटणीबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. ज्या देशातली वनस्पती, तिथला जैवविविधतेचा कायदा पाहावाच लागतो
– मॉर्फिन वापरणार असाल तर नियंत्रित औषधाचा परवाना आणि साठ्याची नोंदवही. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो
– प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र

समिती तुम्हाला 'थ्री आर'बद्दल विचारणारच: प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, त्रास कमी करता येईल का. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली ही चौकट आहे. तिची उत्तरं पाठ करून जाऊ नका. खरंच विचार करा, कारण यातून कामही सुधारतं. आमच्या समितीने सुचवलं म्हणून मी एक अख्खी टेस्ट गाळली, आणि त्या टेस्टची उणीव कधी भासली नाही.

४. अर्क

पानं सावलीत वाळवा, जाडसर भरड करा. काढा परंपरेत असेल तर पाण्याचा अर्क आधी, मग मिथेनॉल किंवा इथेनॉलचा. सुगंधी वनस्पती असेल तर सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात) तासन्‌तास तापवू नका. उडून जाणारी तेलं उडून जातात. मुरत ठेवून गाळा. द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास काढा आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. 'जवळजवळ कोरडा' अर्क म्हणजे तुम्ही उंदरांना थोडं अल्कोहोलही पाजताय, आणि मग ते शांत बसले तर नवल नाही.

उतारा लिहून ठेवा. १०० ग्रॅम भुकटीतून ८ ग्रॅम अर्क निघाला तर उतारा ८ टक्के. हा आकडा शेवटी लागणार आहे.

अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून नवखे सर्रास डीएमएसओ हे द्रावक वापरतात. डीएमएसओला स्वतःचेच परिणाम आहेत, वेदनेवरचेसुद्धा. शक्यतो ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, दाटपणा आणणारी पूड) पाण्यात खलून निलंबन करा. जे काही वापराल ते कंट्रोल गटाला तेवढंच, त्याच मार्गाने द्या.

डोसचं गणित एकदा हाताने करून बघा. उंदराला तोंडावाटे दर किलो वजनाला १० मिली द्यायचं ठरवलं, तर २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली जातं. २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो हा डोस हवा असेल तर निलंबनात दर मिलीला २० मिलिग्रॅम अर्क असला पाहिजे. त्या ०.२५ मिलीत ५ मिलिग्रॅम येतो. देताना दर वेळी बाटली हलवा. तळाशी बसलेला अर्क शेवटच्या उंदराला जास्त जातो.

५. विषारीपणाची चाचणी

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ किंवा ४२५ क्रमांकाची पद्धत वापरा. दोन्हींत मोजके प्राणी लागतात आणि १४ दिवस निरीक्षण असतं. जुन्या लेखांतली भरमसाट प्राणी मारून एलडी-५० (निम्मे प्राणी मरतील तो डोस) काढायची पद्धत ओईसीडीने २००२ मध्येच रद्द केली आहे. ती तुमच्या अर्जात दिसू देऊ नका. सुरुवातीच्या तासांत उंदीर सुस्त होतात का, केस उभे राहतात का, श्वास बदलतो का, हे बारकाईने लिहा. माझ्या अर्काची गुंगी इथेच पकडता आली असती. वहीत 'किंचित मंद' असं लिहिलेलंही होतं, माझ्याच अक्षरात.

६. टेस्ट निवडा, आणि एकीवर थांबू नका

इथे थोडं रेंगाळते, कारण सगळा खेळ इथे आहे.

रायदिंग (वेदनेने अंग पिळवटणं) टेस्ट: ०.६ टक्के ॲसिटिक ॲसिड, दर किलोला १० मिली, पोटाच्या पोकळीत. पाच मिनिटांनी मोजणी सुरू, पुढची वीस मिनिटं पोट आखडण्याच्या हालचाली मोजायच्या. स्वस्त, सोपी आणि फार हळवी. हळवी असणं हीच तिची खोड. वेदनाशामकच काय, गुंगी आणणारी, स्नायू सैल करणारी औषधंही यात पास होतात. म्हणून पहिली चाळणी म्हणून ठीक, पण नुसत्या हिच्या जोरावर निष्कर्ष काढू नका. आणि अर्कही पोटाच्या पोकळीत टोचू नका: एकाच पोकळीत अर्क आणि ॲसिड एकमेकांशी काय करतील ते सांगता येत नाही. अर्क तोंडावाटे द्या.

हॉट प्लेट: वुल्फ आणि मॅकडोनाल्ड यांची १९४४ची पद्धत. ५५ अंशांच्या पाट्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पाय चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजायचे. कट-ऑफ आधीच ठरवा (मी १५ सेकंद ठेवला होता) आणि तेवढ्या वेळात प्रतिसाद नसला तरी उचला, नाहीतर पंजे भाजतात. यातला प्रतिसाद मेंदूपर्यंत जाऊन येतो, म्हणून मॉर्फिनसारखी औषधं यात उठून दिसतात. डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं इथे फिकी पडतात. तेव्हा हॉट प्लेटला स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं माहीत असलेलं औषध, म्हणून डायक्लोफेनॅक ठेवलंत तर स्टँडर्डच नापास होईल आणि तुम्ही अर्काला दोष देत बसाल. दुसरं असं की उंदीर शिकतो. दोन-तीनदा पाट्यावर ठेवलेला उंदीर लवकर उडी मारायला लागतो. रीडिंग कमीत कमी घ्या.

टेल फ्लिक: १९४१ची. शेपटीवर उष्णतेचा झोत आणि शेपटी झटकेपर्यंतचा वेळ. हा मुख्यतः मज्जारज्जूतला प्रतिक्षेप. शेपटी गार असेल तर वेळ वाढतो, गरम असेल तर घटतो. तुमचा अर्क रक्तवाहिन्या आकुंचन करत असेल तर शेपटी गार पडेल आणि तुम्हाला वाटेल वेदना कमी झाली. खोलीचं तापमान नोंदवा, जमलं तर शेपटीचंही.

फॉर्मलिन टेस्ट: एकच टेस्ट करायची मुभा मिळाली तर मी ही करेन. मागच्या पंजात थोडंसं फॉर्मलिन टोचायचं (माइसला, म्हणजे लहान जातीच्या उंदरांना, साधारण २० मायक्रोलिटर; मोठ्या जातीचे ते रॅट) आणि पंजा चाटण्यात किती वेळ जातो ते मोजायचं. पहिली पाच मिनिटं हा एक टप्पा: संवेदक चेतांवर थेट मारा. मग थोडी शांतता. साधारण पंधराव्या ते तिसाव्या मिनिटापर्यंत दुसरा टप्पा: त्यात सूज आणि मज्जारज्जूची वाढलेली संवेदनशीलता. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं, सूज उतरवणारी औषधं मुख्यतः दुसरा. म्हणजे एकाच प्राण्याकडून अर्क कोणत्या वाटेने जातो याचा अंदाज मिळतो.

यात एक शब्दांचा सापळा आहे. फॉर्मलिन म्हणजे सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. '२.५ टक्के फॉर्मलिन' म्हणजे ०.९२ टक्के फॉर्माल्डिहाइड. कुठल्या लेखात कुठला आकडा आहे ते न पाहता द्रावण बनवलंत तर तीव्रता अडीच-तीन पटींनी चुकते, आणि भोगतो उंदीर.

७. गट पाडताना

निदान पाच गट: कंट्रोल, स्टँडर्ड, आणि अर्काचे तीन डोस. तीन डोस यासाठी की परिणाम डोसबरोबर वाढतो का ते दिसावं. गटात किती उंदीर हे 'सगळे सहा घेतात' म्हणून ठरवू नका. छोट्या प्राथमिक प्रयोगातल्या चढउतारावरून संख्याशास्त्रज्ञाकडून काढून घ्या. उंदीर चिठ्ठ्या टाकून किंवा कॉम्प्युटरने वाटा. पिंजऱ्यात हात घालून जो आधी सापडेल तो पहिल्या गटात, असं करू नका, कारण जो आधी सापडतो तोच मुळात मंद असतो.

मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. अर्काच्या रंगावरून ओळखू येतो, म्हणून डोस देणारा एक आणि मोजणारा दुसरा. व्हिडिओ काढून नंतर मोजलं तर आणखी बरं. आम्ही मोबाइल स्टँडवर लावून हेच केलं.

हे वाचून हसू येईल, पण महत्त्वाचं आहे. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की खोलीत पुरुष प्रयोगकर्ता असला की माइस आणि रॅट ताणाखाली येतात आणि वेदनेचा प्रतिसाद कमी देतात. पुरुषाने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच. म्हणून सोमवारी मैत्रिणीने आणि मंगळवारी मित्राने रीडिंग घेतली, असं होऊ देऊ नका. रीडिंग घेणारा माणूस एकच ठेवा आणि त्याची नोंद करा.

८. प्रयोगाचा दिवस

निदान आठवडाभर आधी उंदीर तिथल्या वातावरणात रुळू द्या. प्रयोगाच्या खोलीत तासभर आधी आणा. माइसला तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. रॅटच्या लेखातलं 'रात्रभर उपाशी' उचलून माइसला लावलं तर ते थकून शांत होतात, आणि पुन्हा तोच घोळ. पाणी मात्र चालू ठेवा. सगळी रीडिंग दिवसाच्या एकाच वेळी घ्या आणि गट आलटून पालटून तपासा. सकाळी सगळा कंट्रोल आणि दुपारी सगळा अर्क असं नको. अर्क आधी, साधारण तासाभराने टेस्ट.

हाताशी असू द्या: स्टॉपवॉच, बिनचूक वजनकाटा, तोंडावाटे डोस द्यायची गोल टोकाची गॅव्हाज सुई, पारदर्शक खोकी, शेपटीवर खुणा करायचा पेन, आणि चुकलेली रीडिंग का टाकली ते लिहायला मोकळा रकाना.

९. शांत का आहे ते शोधा

ज्या डोसवर परिणाम दिसला त्याच डोसवर, त्याच वेळेला, पण वेगळ्या उंदरांवर रोटारॉड आणि ओपन फील्ड करा. दांड्यावर टिकत असतील, मोकळ्या खोक्यात नेहमीसारखे फिरत असतील, तर वेदनाशमनाच्या दाव्यात दम आहे. नसतील तर डोस खाली आणा. मी तेच केलं. खालच्या डोसवर चाल ठीक होती, परिणाम छोटा झाला, पण आता तो कुठे दाखवायला लाज वाटत नव्हती.

पुढे जावंसं वाटत असेल तर मॉर्फिनचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन आधी देऊन तीच टेस्ट करा. परिणाम नाहीसा झाला तर ओपिऑइड मार्गाचा, म्हणजे मॉर्फिन ज्या वाटेने काम करतं तिचा, सहभाग असावा. मात्र नुसतं नॅलोक्सोन दिलेला गटही ठेवा, नाहीतर तुलनेला काही उरत नाही.

१०. आकडे

रायदिंगसाठी: कंट्रोलची सरासरी ४०, अर्काची १८, तर घट ५५ टक्के. हॉट प्लेटसाठी कट-ऑफ हिशोबात घ्या: आधीचं रीडिंग ४ सेकंद, नंतरचं ९, कट-ऑफ १५, तर (९ – ४) भागिले (१५ – ४), म्हणजे ४५ टक्के. गटांची तुलना अनोव्हा या संख्याशास्त्रीय चाचणीने आणि मग प्रत्येक गट कंट्रोलशी डनेटच्या चाचणीने. दर जोडीला टी-टेस्ट लावत सुटू नका. बरेच उंदीर कट-ऑफला टेकले असतील तर अनोव्हाही बसत नाही. संख्याशास्त्रज्ञाला भेटा, तेही प्रयोगाआधी.

आता तो उतारा काढा. माइसचा डोस माणसात बदलायची ढोबळ रीत म्हणजे ३ ने गुणून ३७ ने भागणं. २०० मिलिग्रॅम प्रतिकिलोचे माणसात सुमारे १६ होतात, ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम अर्क. ८ टक्के उताऱ्याने ती १२ ग्रॅम वाळलेली पानं, म्हणजे काढ्यात येऊ शकेल इतकी. पण परिणाम १००० मिलिग्रॅमलाच दिसत असेल तर तीच पानं ६० ग्रॅमच्या वर जातात, आणि इतकी पानं कुणी रोज पीत असेल का, हे परीक्षक विचारण्याआधी स्वतःला विचारा. ही आकडेमोड तुलनेपुरती आहे. तिच्यावरून कुणाला डोस सांगायचा नाही.

उरलेला अर्क हवाबंद बाटलीत, वजा २० अंशांवर, लेबल लावून ठेवा: वनस्पती, भाग, द्रावक, तारीख, व्हाउचर क्रमांक. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न आला तो उंदरांवर नव्हता. 'अर्काचा टीएलसी (अर्कातले घटक वेगळे दाखवणारी पातळ थराची चाचणी) दाखवा' असं परीक्षक म्हणाले, आणि फ्रीजरमध्ये बाटली होती म्हणून तो दाखवता आला.